मोंबासाला सेवेला निघालेल्या आजी-आजोबांसाठी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत निवृत्त जोडप्यांनी परदेशात जाऊन मिशनची सेवा करण्याविषयी लेख आला. विषय छापलात याचा आनंद आहे; एरवी ज्येष्ठांच्या पानावर गुडघेदुखी आणि मृत्युपत्र यांपलीकडे फारसे काही नसते. पण त्या लेखात तीन गोष्टी अशा आहेत की त्यावर विसंबून कोणी तिकीट काढले तर पस्तावेल. एक, पर्यटक म्हणून जाऊन चार-सहा महिने सेवा करता येते. दोन, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली की आफ्रिकेची तयारी झाली. तीन, बाकी काही नको, मन प्रेमळ हवे. यातली पहिली गोष्ट कोणत्याही वयाला चुकीची आहे. दुसरी साठीनंतर धोक्याची आहे. तिसरी ऐकायला बरी वाटते, आणि तिच्यामुळेच बहुतेक जोडपी तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात गोंधळतात.

नाशिकच्या शरणपूर परिसरातल्या मंडळीतून (चर्चमधून) सेवेला जाणाऱ्या जोडप्यांची तयारी आम्ही दोघे करून घेतो. बहुतेकांचा मुक्काम केनियाच्या किनारपट्टीवर, मोंबासाच्या आसपास असतो, म्हणून पुढचे सगळे त्या भागाला धरून आहे. टांझानिया किंवा मलावीला जाणाऱ्यांनी परवान्याचा भाग वेगळा तपासून घ्यावा. पत्र लांबले आहे. जागा कमी पडली तर इतिहास कापा, पण औषधांचा मजकूर कापू नका.

इतिहास म्हणजे एवढाच की नाशिकहून मोंबासाला जाणे ही काही आजची टूम नाही. शरणपूर १८५४ च्या सुमारास वसले. हिंदी महासागरात इंग्रजी आरमाराने गुलामांची जहाजे पकडली की सुटका झालेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतली बरीच इथे, रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या आश्रमात आली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांतलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६० च्या दशकात बायकांसह मोंबासाजवळच्या रबाईच्या मिशनवर गेले. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारला तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचे नाव कोरणारा आणि पार्थिवासोबत थेट लंडनपर्यंत जाणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेचा विद्यार्थी. पुढे प्राइस स्वतः १८७४ मध्ये मोंबासाला गेले आणि मुक्त गुलामांची वसाहत उभी केली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रिअरटाउन म्हणतात. तिथली घंटा अजून रस्त्याच्या कडेला उभी आहे. शरणपूर रोडच्या सिग्नलला रोज थांबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. मात्र ती माणसे तेव्हा तरुण होती. आज निघणारी जोडपी बासष्ट, पासष्ट, अडुसष्ट वयाची असतात, आणि तिथूनच सगळा हिशेब बदलतो.

आधी परवान्याचे. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-मंजुरी सुरू केली. ती पटकन मिळते म्हणून लोकांना वाटते की काम झाले. ती फिरायला जाण्यापुरती आहे. पगार घेत नाही, जेवणसुद्धा स्वतःच्या पैशाने करतो, हे सांगून काही उपयोग नाही. शाळेत शिकवणे, कोठार सांभाळणे, हिशेब लिहिणे हे तिथल्या कायद्याने कामच आहे. धार्मिक आणि धर्मादाय सेवेसाठी 'क्लास आय' नावाचा वेगळा परवाना असतो आणि त्याचा अर्ज बोलावणारी नोंदणीकृत संस्था करते, आपण नव्हे. थोड्या महिन्यांसाठी 'स्पेशल पास' मिळतो. तेव्हा निमंत्रण आले की पहिला प्रश्न हा विचारावा: परवान्याचा अर्ज कोण करणार आणि कधी? 'इकडे या, मग बघू' असे उत्तर आले तर जाऊ नये. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स आधीच काढून ठेवावा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथे परदेशी नागरिक म्हणून नोंद करून कार्ड घ्यावे लागते. ते कार्ड खिशात असले की सिमकार्डापासून बँकेपर्यंतची पुढची बरीच कामे सोपी होतात.

आता लस. पिवळ्या तापाची लस जिवंत विषाणूची असते. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत तिचे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात. धोका तसा कमीच आहे, पण 'सगळे घेतात, आपणही घेऊ' म्हणून टोचून घेण्याची ही लस नव्हे. स्टेरॉइड चालू असतील, कॅन्सरचे उपचार झाले असतील, छातीतल्या थायमस ग्रंथीचे ऑपरेशन झाले असेल तर डॉक्टरांना ते आठवणीने सांगावे. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. नेहमीच्या दवाखान्यातला दाखला चालत नाही. पिवळे पुस्तक, म्हणजे या लसीचा आंतरराष्ट्रीय दाखला, लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, म्हणजे निघण्याच्या आठवड्यात लस घेऊन उपयोग नाही. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, त्यामुळे जुने पुस्तक असेल तर टाकून देऊ नका. डॉक्टरांनी वयामुळे किंवा आजारामुळे लस नको म्हटले तर तसे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. तरीही परतताना मुंबई विमानतळावर आरोग्य अधिकारी अडवू शकतो. पुस्तक नसलेल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्याचा नियम आपल्याच देशाचा आहे. जाताना कोणी विचारले नाही तरी येताना नेमके विचारतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

लेखात मलेरियाचा एक शब्द नाही, आणि किनारपट्टीवरचा रोजचा धोका तोच आहे. तिथल्या मलेरियावर क्लोरोक्विन चालत नाही, त्यामुळे घरातल्या जुन्या गोळ्या बॅगेत टाकू नयेत. डॉक्टर साधारण तीनपैकी एक औषध देतात. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायचे, तिथून निघाल्यावरही चार आठवडे. ते दुधाबरोबर किंवा अॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेतले तर अंगी लागत नाही, आणि गोळी घेऊन लगेच आडवे झाले तर अन्ननलिकेत जखम होते. ज्येष्ठ मंडळी रात्री झोपतानाच सगळ्या गोळ्या एकदम घेतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो: भरपूर पाण्याबरोबर, जेवणानंतर, आणि अर्धा तास तरी बसून. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असते म्हणून आवडते, पण फिट, नैराश्य किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्यांना ते नको. तिसरे अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, हे निघाल्यावर सातच दिवस घ्यावे लागते, मात्र मूत्रपिंड फार कमी चालत असेल तर चालत नाही. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल तर डॉक्सिसायक्लिन काय किंवा प्रोग्वानिल काय, दोन्हींमुळे रक्त आणखी पातळ होऊ शकते, तेव्हा तपासणी वाढवावी लागते. थोडक्यात, मलेरियाची गोळी मेडिकलच्या काउंटरवर ठरवण्याची गोष्ट नाही. नेहमीच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसावे. गोळी चालू असली तरी औषधी मच्छरदाणी सोडू नये, आणि ताप आला तर 'प्रवासाचा शीण असेल' म्हणत वाट पाहू नये. त्याच दिवशी रक्त तपासावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या बॅगेतच ठेवावे. सामानात टाकले तर विमानाच्या पोटात गोठू शकते. तिथे वीज गेली की फ्रिजचा भरवसा नसतो. दोन कुंड्या एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि वर ओले फडके टाकले की आतला गारवा टिकतो. आपल्या माठाचेच तत्त्व आहे हे. फक्त मोंबासाची हवा दमट असल्याने माठासारखा गारवा मिळत नाही, तेव्हा यावर महिनाभराचा साठा ठेवू नये, चालू पेन तेवढे ठेवावे.

आता घड्याळाचे. मोंबासा विषुववृत्ताच्या अगदी जवळ. सूर्य बारा महिने सकाळी सहाच्या आगेमागे उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे मावळतो. म्हणून स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या पंचांगातल्या घटी-पळांसारखे. 'सा मोजा', म्हणजे एक वाजला, याचा अर्थ सकाळचे सात. 'सा तातू' म्हणजे तीन, आपले नऊ. 'सा सिता' म्हणजे सहा, आणि ती दुपारची बारा. हातावर काट्यांचे घड्याळ असेल तर सोपी युक्ती आहे: छोटा काटा ज्या आकड्यावर आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. सातच्या समोर एक, नऊच्या समोर तीन, चारच्या समोर दहा. मोबाइलच्या आकडी घड्याळात ही सोय नाही, म्हणून जुने घड्याळ सोबत न्यावे. घोळ होतो तो असा की तीच माणसे इंग्रजीत बोलली तर 'नाइन' म्हणजे नऊच, आणि स्वाहिलीत बोलली तर सहा तासांचा फरक. बैठक चुकली तर माफी मागता येते. औषधाचे तसे नाही. कंपाउंडरने 'सा म्बिली ऊसिकू' म्हटले तर रात्रीचे आठ. शब्दकोशात 'म्बिली' म्हणजे दोन पाहून कोणी रात्री दोनला गजर लावून उठले तर डोस तर चुकतोच, झोपही जाते. पाकिटावर वेळ लिहून घ्यावी आणि शेजारी सूर्य किंवा चंद्र काढून घ्यावा.

भाषा तशी परकी वाटत नाही, कारण किनाऱ्यावर अरबी आणि हिंदी व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षे शब्द सोडलेत. दुकान म्हणजे 'डुका', औषध म्हणजे 'दावा', विमा म्हणजे 'बिमा', गाडी म्हणजे 'गारी', गोणी म्हणजे 'गुनिया', रंग म्हणजे 'रांगी', लाख म्हणजे 'लाकी'. लाच मागायची तर तिकडेही 'चहा'च मागतात. आपल्या चहापाण्याची आठवण व्हावी. पण नात्याच्या शब्दांत फसगत होते. 'दादा' म्हणजे बहीण. 'काका' म्हणजे भाऊ. 'मामा' म्हणजे आई, किंवा कोणतीही मोठी बाई. रिक्षावाल्याला सवयीने 'दादा, जरा थांबा' म्हटले की तो हसतो ते यासाठी. आजोबांना सगळे 'म्झे' म्हणतील, म्हणजे म्हातारबाबा. रागावू नये, तो मान आहे. किनाऱ्यावर मुले 'शिकामो' म्हणून नमस्कार करतात, त्याला 'मराहाबा' एवढेच उत्तर द्यायचे. उलट आपणही 'शिकामो' म्हटले तर मुले गोंधळतात, कारण तो धाकट्याने मोठ्याला करायचा नमस्कार आहे. कोणाच्या दारात 'होडी' अशी हाक द्यावी आणि आतून 'करिबू' आल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. ठेच लागली की समोरचा 'पोले' म्हणतो. त्याची चूक झाली म्हणून नव्हे, तुमच्या दुखण्यात तो सहभागी आहे म्हणून.

दिवस कसा जातो, असे जाणारे विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ असते. प्रत्यक्षात सुवार्तेचे, म्हणजे धर्मोपदेशाचे, काम तिथले पाळक (पाद्री) आणि मंडळीच करतात. भाषा त्यांची, माणसे त्यांची. बाहेरून आलेल्या ज्येष्ठ जोडप्याच्या वाट्याला येतात किल्ल्या, वह्या, कोठार, वसतिगृहातली रात्रीची फेरी, शिवणवर्ग आणि रविवारच्या शाळेत मागच्या बाकावर बसून मुलांना गप्प ठेवणे. आमच्या मते हे उत्तमच आहे. चाळीस वर्षे ऑफिस आणि घर चालवलेल्या माणसांना तेच चांगले जमते. सकाळी सहाला प्रार्थना, सातला कोठार उघडणे, दुपारी ऊन चढले की घरात, चारनंतर पुन्हा काम, अंधार पडायच्या आत घरी. दुपारचे दोन तास झोपायचेच. उन्हात मिरवून कोणाची सेवा होत नाही.

कोठाराचे थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक झाली तर ती मुलांच्या पोटात जाते. शाळेतले दुपारचे जेवण म्हणजे बहुधा 'गिथेरी', मका आणि घेवड्याची उसळ. सर्वसाधारण हिशेब दर मुलामागे दीडशे ग्रॅम मका, चाळीस ग्रॅम कडधान्य, पाच ग्रॅम तेल असा धरतात. एकशे वीस मुले असतील तर दिवसाला अठरा किलो मका, पावणेपाच किलोच्या वर घेवडा आणि सहाशे ग्रॅम तेल. तिथे मक्याचे पोते नव्वद किलोचे असते, म्हणजे एका पोत्यात बरोबर पाच शाळेचे दिवस. सहाव्या दिवशी पोते शिल्लक असेल किंवा चौथ्या दिवशी संपले तर मोजमापात काहीतरी गडबड आहे, आणि ते त्याच आठवड्यात कळते. म्हणून डबा किंवा टोपली यांनी मोजू नका, तराजूच ठेवा.

पण मोजण्यापेक्षा मोठी गोष्ट ओलावा. ओल्या मक्यावर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. केनियात २००४ मध्ये असा मका खाऊन १२५ माणसे दगावली. हे विष शिजवून जात नाही, धुऊनही जात नाही. मका साठवायचा तर ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या आत हवा. मोजायचे यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा करावी. जाडे मीठ उन्हात किंवा तव्यावर खडखडीत कोरडे करायचे. काचेची स्वच्छ, कोरडी बाटली घ्यायची, एक तृतीयांश मक्याने भरायची, वर दोन चमचे मीठ टाकायचे, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायची आणि पाव तास ठेवायची. मीठ काचेला चिकटून राहिले तर मका पंधरा टक्क्यांहून ओला, पोते परत. मीठ खाली सुटे पडले तरी तो पंधराच्या आत आहे एवढेच कळते. तेव्हा ताडपत्रीवर पसरून आणखी एक-दोन उन्हे द्यावीत. नमुना पोत्याच्या तोंडाशी घेऊ नका. व्यापारी वर कोरडा आणि मध्ये ओला माल भरतो, हे लासलगावच्या माणसाला सांगायला नको. हात कोपरापर्यंत आत घालून मधला मका काढा. हाताला ऊब लागली तर तिथे काहीतरी चालू आहे.

पोती ठेवायची ती कांदाचाळीसारखी. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, दोन थप्प्यांमध्ये वाट, आणि वर छताला चिकटणार नाही इतकीच उंची. जमिनीवर थेट ठेवलेल्या पोत्याचा तळ पहिल्या पावसात काळा पडतो, आणि तिथे पाऊस दोनदा येतो: मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर लहान. घेवडा आदल्या रात्री भिजवून ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात आधी दहा मिनिटे तरी खळखळा उकळावे. नुसता मंद आचेवर ठेवलेला घेवडा, विशेषतः लाल, पोटाला बाधतो. मुले ओकतात आणि दोष मक्यावर जातो. धुराच्या स्वयंपाकघरात दम्याच्या माणसाने थांबू नये. मोजून द्यावे, बाहेर यावे.

पाण्याचा जेरीकॅन वीस लिटरचा असतो, म्हणजे वीस किलो. तिथल्या बाया तो डोक्यावर घेऊन चालतात, आणि आपल्या आजीबाईंना वाटते की आपण निदान हाताने तरी उचलू. उचलू नये. कंबर गेली की सेवा संपली आणि परतीचे तिकीट आले. दहा लिटरचे दोन कॅन घ्यावेत, अर्धे भरावेत, किंवा पाणी आणणाऱ्या मुलाला पैसे द्यावेत. त्यात कमीपणा नाही, त्याच्या घरी चूल पेटते. छपराचे पावसाचे पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे. त्यात पक्ष्यांची घाण आणि धूळ असते. क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळावे, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्ची पडते.

पैशांचा व्यवहार मोबाइलवर, 'एम-पेसा'वर चालतो. २००७ पासून आहे, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. फरक असा की यूपीआयमध्ये पैसे बँकेत असतात, तिथे ते मोबाइलच्या खात्यात असतात आणि कोपऱ्यावरच्या एजंटकडे भरता-काढता येतात. ज्येष्ठांना फसवण्याची ठरलेली रीत अशी: मेसेज येतो की तुमच्या खात्यात तीन हजार शिलिंग जमा झाले, पाठोपाठ रडका फोन येतो की चुकून पाठवले, परत करा. मेसेज बनावट असतो. परत करण्याआधी शिल्लक पाहावी. रक्कम आलेलीच नसते. मिशनचा पैसा आणि स्वतःचा पैसा कधीही एका फोनवर ठेवू नये. किरकोळ खर्चाची पेटी ठरावीक रकमेची असावी, समजा दहा हजार शिलिंग. पेटीतली रोकड आणि पावत्या यांची बेरीज कोणत्याही दिवशी दहा हजारच आली पाहिजे. पावतीपुस्तक तीन प्रतींचे, सही दोघांची, आणि त्यातली एक सही तिथल्या मंडळीतल्या माणसाची. नवरा-बायको दोघांनीच सह्या केल्या तर ती एकच सही धरावी. कोणी दारात येऊन फी, औषध, भाडे यासाठी मदत मागितली तर खिशात हात घालण्याऐवजी मंडळीच्या समितीकडे पाठवावे. एकदा हातातून दिले की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते, आणि तुम्ही परतल्यावर ती रांग पाळकांच्या दारात जाते.

मिशनच्या संस्थांबद्दल आमची एक तक्रार आहे. निमंत्रण बहुधा नवऱ्याच्या नावे येते, मुलाखत त्याचीच होते, आणि बाईंच्या नावापुढे 'सोबत' एवढे लिहिलेले असते. पोहोचल्यावर मात्र कोठार, वसतिगृहातल्या मुली, शिवणवर्ग आणि घरचा स्वयंपाक हे सगळे 'सोबत' आलेल्या बाईंकडे जाते. दोघांची वेगवेगळी मुलाखत घ्यावी, दोघांचे काम वेगवेगळे लिहून द्यावे, आणि पहिल्या महिन्यात आठवडाभर कामांची अदलाबदल करावी. एकाला ताप आला तर दुसऱ्याला किल्ल्यांचा जुडगा आणि वहीची पाने दोन्ही ठाऊक हवीत. चोवीस तास एकत्र राहण्याची सवय नोकरीवाल्या जोडप्यांना नसते. आठवड्यातून एक दुपार एकमेकांपासून सुट्टी घ्यावी, असे आम्ही सगळ्यांना सांगतो. सुरुवातीला लोक हसतात.

इकडची कामे. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. नोकरीच्या भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असेल तर मागच्या दाखल्यापासून वर्षभरात. मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' करता येते, ते जाण्याआधी एकदा करून पाहावे. तिथून जमले नाही तर भारतीय उच्चायुक्तालयाचा अधिकारी दाखल्यावर सही करतो. नैरोबीला जायची गरज नाही, मोंबासात आपले सहायक उच्चायुक्तालय आहे. भारतातले सिम रिचार्ज करून जिवंत ठेवावे, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम बंद पडले की पेन्शन खात्यात असूनही हाताला लागत नाही. नेहमीचा मेडिक्लेम परदेशात चालत नाही, आणि प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार बहुतेकदा वगळलेले असतात. पॉलिसीतले तेवढे कलम मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. घराचा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, गॅस बंद, एक किल्ली शेजारी.

बॅगेविषयी थोडेच. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड लाखो शिलिंगांत आहे. चिवडा, लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावेत. डाळी, पिठे, मसाले तिथल्या गुजराती दुकानांत मिळतात, दहा किलो आटा वाहून नेऊ नये. काळा मसाला मात्र न्यावा. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जादा घ्यावेत. वीज आपल्यासारखीच, पण पिन तीन चौकोनी, तेव्हा दोन अॅडॉप्टर. विजेचे मीटर बहुतेक ठिकाणी प्रीपेड असते. पैसे भरले की वीस आकडी नंबर येतो तो दाबायचा. जाड अक्षरात लिहून घ्यायला वही जवळ ठेवावी, चष्म्याशिवाय तो नंबर वाचता येत नाही. चष्म्याचे दोन जोड.

परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर इथे पहिला संशय डेंग्यूचा घेतला जातो, विशेषतः पावसाळ्यात. प्लेटलेट मलेरियातही उतरतात, त्यामुळे रिपोर्ट पाहून फसायला होते. गोळ्यांचा उरलेला कोर्स घरी पोहोचलो म्हणून मध्येच थांबवू नये, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तपासणीच्या टेबलावर बसता बसताच सांगावे की आम्ही केनियातून आलो आहोत, मलेरियासाठी रक्त तपासा.

आपले,
एक निवृत्त दांपत्य,
शरणपूर रोड परिसर, नाशिक
(नावे व पत्ता संपादकांकडे)